शेतातल्या पेटीत टिकेल असा सर्किट बोर्ड

जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि केळीच्या बागेत उन्हात टांगलेल्या पत्र्याच्या पेटीतील हवा त्याहूनही बरीच तापते. विहिरीतील पाणी खाली गेल्यावर पंप बंद करणारे साधे सर्किट घरी तयार करायचे असले, तरी आराखडा काढण्यापूर्वी पेटीतील तापमान ६० अंश धरूनच हिशेब मांडावा.

पहिला हिशेब रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या भागाचा. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करण्यासाठी बहुतेक जण ७८०५ ही रेग्युलेटर चिप वापरतात. सर्किट १५० मिलिअँपिअर घेत असेल, तर उरलेले ७ व्होल्ट त्या रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जातात, म्हणजे सुमारे १.०५ वॉट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसताना दर वॉटमागे त्याचे तापमान साधारण ६५ अंशांनी चढते. त्यामुळे आतील चिप १२८ अंशांवर पोहोचते आणि तिची मर्यादा १२५ अंशांची असते. हिवाळ्यात टेबलावर व्यवस्थित चाललेले सर्किट उन्हाळ्यात दुपारी आपोआप बंद पडते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. एलएम२५९६ चिपचे तयार बक मॉड्यूल (कमी उष्णतेत व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) वापरल्यास तेवढ्याच कामात सुमारे पाव वॉट उष्णता निघते. माझ्या मते शेतातील पेटीसाठी हाच पर्याय योग्य आहे.

पुरवठा स्थिर ठेवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घेताना त्यावर छापलेले तापमान अवश्य वाचावे. तापमान दर १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. २००० तासांचा ८५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ८००० तास, म्हणजे सलग वर्षभरही टिकत नाही. १०५ अंशांचा त्याच जागी ३२००० तास टिकतो. किमतीतला फरक किरकोळ असतो.

आराखड्यासाठी कीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्यावर १ अँपिअरसाठी ०.३ मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक (वीज वाहून नेणारी तांब्याची रेघ) चालतो. पण कागदावरचा नकाशा इस्त्रीने तांब्यावर उठवताना इतकी बारीक रेघ तुटू शकते, म्हणून ट्रॅक १ मिलिमीटरचे ठेवावेत. रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडावा. २३० व्होल्टचे ट्रॅक आणि कमी व्होल्टेजचा भाग यांत किमान ८ मिलिमीटर अंतर असावे. बोर्डावरच्या लहान रिलेने पंप थेट चालवू नये, फक्त कॉन्टॅक्टरची (पंपासारखा मोठा भार चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी. बोर्ड एफआर-४ चाच (काचतंतूंचा) घ्यावा, कारण स्वस्त तपकिरी बोर्डावरचे पॅड (सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) दुसऱ्यांदा सोल्डर करताना सहज निघून येतात.

खालच्या थराचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापावा. तो आरशातल्यासारखा उलटवू नये, कारण इस्त्री करताना तो आपोआप उलटतो. खात्रीसाठी त्या थरावर एखादे अक्षर ठेवावे. ते कागदावर उलटे आणि तांब्यावर सुलटे दिसले पाहिजे. तांबे बारीक स्टील वूलने घासून घ्यावे, इस्त्रीने छाप उठवावा आणि बोर्ड पाण्यात भिजवून कागद हलक्या हाताने काढावा.

छाप नसलेले तांबे विरघळवून काढण्यासाठी फेरिक क्लोराईडचे द्रावण लागते. त्याची पूड नेहमी पाण्यात थोडी थोडी घालावी, पुडीवर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण तापते. भांडे प्लास्टिकचे असावे, हातमोजे आणि चष्मा वापरावा. हे द्रावण ४० अंशांच्या आसपास चांगले काम करते, त्यामुळे एरवी ते कोमट करावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी त्याची सहसा गरज पडत नाही. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, म्हणून ते मोरीत, नाल्यात किंवा बांधावर न टाकता झाकण असलेल्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवून पुन्हा वापरावे.

भोकांसाठी रजिस्टन्स आणि आयसीला ०.८, तर डायोडला १ मिलिमीटरचे ड्रिल लागते. सोल्डरिंगनंतर बोर्ड पुसून त्यावर सर्किटसाठी मिळणारे संरक्षक वार्निश मारावे, मात्र टर्मिनल आधी चिकटपट्टीने झाकून घ्यावेत. पेटीत वायर येणाऱ्या प्रत्येक भोकाला केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारे बूच) बसवावे, नाहीतर मुंग्या आणि पाली आत शिरतात. पेटी पंपाला जोडण्याआधी केवळ १२ व्होल्टवर भर दुपारी उन्हात काही तास चालवून पाहावी आणि त्या वेळी ५ व्होल्टचा पुरवठा मल्टिमीटरवर स्थिर राहतो का, हे तपासावे.