लेहला गाडीने निघताय? आधी क्लच वायर

यंदा आमच्या इंदूरच्या रामबागेतली चार मुलं जूनमध्ये मोटरसायकलींवरून लेहला निघाली आहेत. काय काय घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हेल्मेट, लायसन, आरसी, विमा, पीयूसी यांबद्दल एक शब्दही लिहिणार नाही.

सगळ्यात आधी क्लच वायर घ्या, म्हणजे हँडलवरची लिव्हर क्लचला जोडणारी तार. एक नव्हे, दोन. आपल्याच मॉडेलची, आणि दुकानात जुन्या वायरशेजारी धरून लांबी जुळवलेली. बाकीची यादी वायर घरात आल्यावर वाचा.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा चुलतभाऊ मनालीच्या बाजूने वर चढत होतो. ट्यूब होत्या, प्लग होते, कॅमेऱ्याच्या तीन बॅटऱ्या होत्या. क्लच वायर नव्हती. नुकतीच सर्व्हिसिंग झाली होती, वायरला काय होणार, असं मी धरून चाललो. सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागतात, २१ वळणांचा सलग चढ. निम्म्याहून वर गेलो होतो तेव्हा लिव्हर एकाएकी सैल पडली. सपाटीवर किंवा उतारावर क्लचशिवायही गाडी ढकलून, पहिला गिअर टाकून कशीबशी नेता येते. त्या चढावर नाही येत. ४,४०० मीटरच्या वर आम्ही पाच तास बसून राहिलो. तीन तासांनी भावाचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. लेहकडून खाली येणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी मागे चढवून घेतली आणि आम्हाला केलाँगला आणून सोडलं. उंची उतरत गेली तसा भाऊ सावरला. आमच्या गाडीची वायर केलाँगला मिळाली नाही, मनालीहून मागवावी लागली. त्यात दोन दिवस गेले, रजा संपली, लेह न बघता परतलो. त्याचं मला तितकंसं वाटत नाही. भावाचा तो पांढराफटक चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

वायर तिथेच का तुटते तेही समजून घ्या. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब साठ टक्क्यांच्याही खाली येतो आणि इंजिनाची ताकद जवळपास त्याच मानाने घटते. कार्ब्युरेटरची गाडी तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशी घुसमटत चालते. इंजेक्शनची गाडी मिश्रण सांभाळून घेते, पण ताकद तिचीही जातेच. मग प्रत्येक वळणावर आपण अर्धा क्लच दाबून गाडी खेचतो. दिवसातून हजार वेळा. वायर तुटते ती बहुतेक वेळा लिव्हरकडच्या टोकाला, लिव्हरमध्ये अडकणाऱ्या धातूच्या गोळीजवळ. आधी एकेक पेड सुटतो, क्लच जड लागतो, प्ले म्हणजे लिव्हरची मोकळी चाल वाढते. म्हणून रोज सकाळी लिव्हरवरचं रबर सरकवून बघा. एक जरी पेड उसवलेला दिसला तर तिथेच वायर बदला, पुढच्या गावाची वाट बघू नका.

सुटी वायर नुसती डिकीत टाकू नका. एक वायर चालू वायरीच्या शेजारून, त्याच वाटेने टाकीखालून नेऊन ठेवा. दोन्ही टोकांना ग्रीस लावा, वर प्लास्टिक गुंडाळून टेप मारा आणि टाय ढिले ठेवून बांधा. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायर कुठे ताणली जाता कामा नये. अशी बांधलेली असली की थंडीने बोटं बधिर झालेली असतानाही फक्त दोन टोकं अडकवायची असतात. दुसरी वायर सामानात. अॅक्सिलरेटरची वायरही अशीच शेजारून बांधून घ्या. आणि हे काम मिस्त्रीवर सोपवून चहा प्यायला जाऊ नका. एकदा त्याच्यासमोर वायर स्वतः बदला. नाही जमली तर पुन्हा बदला. क्लच आणि ब्रेकची एकेक लिव्हरही घ्या, गाडी पडली की ती हमखास मोडते.

सर्व्हिसिंग निघण्याच्या दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी अजिबात नाही. मिस्त्रीने काही सैल ठेवलं असेल तर ते घराजवळ कळलं पाहिजे. सगळं सामान लादून महूवरून जाम गेट उतरा, मंडलेश्वर-महेश्वरला जा आणि त्याच घाटाने परत चढून या. जास्तीचे बूट, दुसरी जीन्स, जाड टॉवेल या फेरीतच घरी राहतील. बॅग सायलेन्सरला लागते का तेही इथेच दिसेल. घाट उतरताना खालच्या गिअरवर उतरा, ब्रेकवर बसून राहू नका.

पंक्चरचं सामान घ्या. ट्यूबची गाडी असेल तर पुढची आणि मागची ट्यूब वेगवेगळी घ्या, बहुतेक गाड्यांत माप वेगळं असतं. हवेचा पंप, टायर काढायच्या पट्ट्या, चेनचं लॉक, फ्यूज, प्लग, इन्सुलेशन टेप, एम-सील. आणि क्लच वायर.

आता रस्ता. मनालीकडून वर जाऊ नका, श्रीनगरकडून जा आणि मनालीकडून उतरा. आम्ही मनालीकडून चढलो, ही आमची दुसरी चूक. मनाली दोन हजार मीटरवर आहे आणि तिथून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस साडेचार-पाच हजारांवर पोचतो. सरचूला मुक्काम केला तर झोपायचंच जवळजवळ ४,३०० मीटरवर. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, कारगिल २,७०० च्या आसपास, लेह साडेतीन हजार. असं शरीर पायरीपायरीने चढतं. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त चढवू नये असं डॉक्टर सांगतात. लेहला पहिले दोन दिवस काहीही करू नका, खार्दुंग लाची खिंड कुठे पळून जात नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अॅलर्जी असेल तर तसं त्यांना आधी सांगा. डोकं दुखतंय आणि उलटी होतेय तर वर चढायचं नाही, खाली उतरायचं. यावर चर्चा नको.

जूनच्या उन्हात इंदूरहून जम्मूपर्यंत गाडी हाकण्यात अर्थ नाही. मालवा एक्स्प्रेस महूहून निघते आणि इंदूर, जम्मूवरून कटऱ्याला जाते. मोटरसायकल रेल्वेने पाठवण्यासाठी स्टेशनच्या पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून ठेवा. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, पॅकिंग नीट करून घ्या. उतरवल्यावर जवळच्या पंपापर्यंत ढकलत न्यावी लागेल.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखात चालत नाही, घरून पोस्टपेड करून निघा. गाडी स्वतःच्या नावावरची न्या. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगकडे तिथले लोक अडवतात, आणि मित्राची गाडी असली तरी ती भाड्याची नाही हे पटवत बसावं लागतं. लेहच्या पुढच्या भागासाठी काय परवाने आणि शुल्क लागतं ते निघायच्या आठवड्यात प्रशासनाच्या साइटवर बघा, नियम बदलत राहतात. रोख पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवा.

कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या, एकच जाड जॅकेट नको. रेनकोट वरच ठेवा. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक भिजतोच. बॅगेत आधी प्लास्टिकची पिशवी, मग कपडे. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर आणि आईने दिलेला चिवडा पुरे.

परतीला लेहजवळच्या कारूला टाकी काठोकाठ भरा. तिथून केलाँग-तांदीपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पंप धरू नका, पाच लिटरचा डबा भरून घ्या. नाले सकाळी ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. बारालाचा लाची खिंड उतरली की दारचा, केलाँग, नऊ किलोमीटरचा अटल बोगदा, मनाली. जुलै उजाडला की हिमाचलात दरडी कोसळायला लागतात, त्याआधी खाली या.

निघायच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन टाकीखाली बघा, बांधलेली क्लच वायर जागेवर आहे का. दुसरी डाव्या बॅगेत, सगळ्यात वर.