कुंभक बाजूला ठेवला, श्वास जमला

प्राणायाम सुरू केला तेव्हा १:४:२ (श्वास घेणं : रोखणं : सोडणं) या पारंपरिक प्रमाणातला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, मला झेपेना. जीव घाबरा व्हायचा. मग कुंभक बाजूलाच ठेवला. आता दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर पहाटे ताठ बसतो, नाकाने चार अंक मोजत श्वास घेतो, सहा अंकांत सोडतो. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. आधुनिक पद्धतींतही हाच वेग सांगतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांब हवा. हात बेंबीवर ठेवा, पोट हलतंय की नाही ते लगेच कळतं. घाबरणं थांबलं, झोपही सुधारली.

आमच्या वडोदऱ्यात व्यायामगुरू माणिकरावांकडे व्यायाम शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासला, याचा मला फार अभिमान वाटतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.