जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा सेल्फ : खोलण्याआधी काय तपासावे

गोव्यात जुनी एमजी किंवा ट्रायम्फ बाळगणाऱ्यांच्या गाड्या पावसाळ्यात बहुधा ताडपत्रीखाली उभ्या असतात, आणि ऑक्टोबरात किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) एकदाच 'कट्' असा आवाज करून गप्प बसतो. अशा वेळी लगेच सेल्फ खोलायला घेणे ही घाई ठरते, कारण खाऱ्या, दमट हवेत सेल्फच्या आधी बिघडतात त्या वायरींच्या जोडण्या.

हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फ अडकला आहे. दिवे जसेच्या तसे राहिले, तर सेल्फपर्यंत करंटच पोहोचत नाही. एमजी कंपनीच्या एमजीबी या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांना जोडणारी वायर हमखास विसरली जाते. त्याहूनही दुर्लक्षित असते ती इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे सेल्फचे सर्किट या पट्टीतूनच पूर्ण होते. ती गंजली की करंट चोकच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर व दुसरे सेल्फच्या बॉडीवर धरून सेल्फ मारायला लावावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर दोष अर्थिंगचा आहे. 1967 पर्यंतच्या एमजीबीत अर्थिंग पॉझिटिव्ह असते, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेले असते, हे बॅटरीला हात लावण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे. (बॅटरी उलटी जोडली म्हणून सेल्फ उलटा फिरत नाही, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचे मात्र नुकसान होऊ शकते.)

सेल्फ नुसताच घूं घूं फिरतो आणि इंजिन हलत नाही, अशी तक्रार बेंडिक्स (सेल्फ फिरताच पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या दात्यांत सरकवणारी यंत्रणा) असलेल्या लुकास कंपनीच्या जुन्या सेल्फमध्ये नेहमीची आहे. पिनियन ज्या आट्यांवरून सरकतो, त्यांवर क्लचची धूळ आणि तेल यांचा चिखल साचतो. तो रॉकेलने धुऊन आटे कोरडे ठेवावेत. ग्रीस लावणे म्हणजे पुन्हा धुळीला आमंत्रण देणे होय. पिनियन फ्लायव्हीलमध्ये अडकून बसला असेल, तर सेल्फच्या मागच्या टोकाला असलेला शाफ्टचा चौकोनी भाग पान्याने फिरवून तो सोडवता येतो. ते टोक हाती येत नसेल, तर किल्ली बंद ठेवून, गाडी वरच्या गियरमध्ये घालून मागेपुढे हलवावी.

एवढे करूनही सेल्फ दमलेलाच वाटला, तरच तो खाली उतरवावा. झिजलेले कार्बन (ब्रश) बदलावेत आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर बारीक काचपेपरने पुसावा. एमरी पेपर वापरू नये. डायनॅमोप्रमाणे कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक खोल कोरण्याची सवय काही कारागिरांना असते, ती सेल्फमध्ये चालत नाही. नवा ब्राँझ बुश बसवण्यापूर्वी एक दिवस इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवावा.

परत बसवताना सेल्फ आणि इंजिन जेथे एकमेकांना टेकतात तेथील रंग व गंज खरवडून काढावा, टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावावी आणि बॅटरीची अर्थिंगची वायर सर्वांत शेवटी जोडावी.