पेसमेकर किंवा आयसीडी असेल, तर घरातली लोहचुंबकं आधी शोधा

पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं आणि आयसीडी म्हणजे ठोके जीवघेणे वाढले की शॉक देणारं, छातीत बसवलेलं यंत्र. यांतलं काहीही बसवलं की भेटायला येणारा प्रत्येक जण मायक्रोवेव्हपासून लांब राहायला सांगतो. हे ऐकू नका. बिघाड नसलेला मायक्रोवेव्ह, टीव्ही, वायफाय नेहमीसारखे खुशाल वापरा. यंत्राचं ओळखपत्र खिशात ठेवा. मोबाइल यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावा.

आता खरं काम. एक टाचणी घ्या आणि जे जे अंगाजवळ येतं त्याला लावून बघा: मोबाइलची पाठ, इअरफोन आणि त्यांची डबी, टॅबलेटचं कव्हर, घड्याळाचा पट्टा, पर्सचं बटण, शर्टाला लावायचा नावाचा बिल्ला. टाचणी चिकटली की ती वस्तू छातीपासून निदान १५ सेंटीमीटर लांब. मोजपट्टी शोधत बसू नका, मोठ्या माणसाची वीत याहून मोठीच असते.

लोहचुंबकाचा एवढा धाक का, तर डॉक्टर वेळप्रसंगी यंत्राचं काम तात्पुरतं बदलायला चुंबकच वापरतात. त्यासाठीच आत चुंबक ओळखणारा स्विच असतो. तो डॉक्टरांचं चुंबक आणि इअरफोनची डबी यांत फरक करत नाही. चुंबक जवळ आलं की पेसमेकर सहसा हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरावीक गतीने ठोके देत राहतो. आयसीडीचं जास्त गंभीर: ठोके जीवघेणे वाढले तरी तो शॉक देत नाही. चुंबक दूर केलं की बहुतेक यंत्रं पूर्ववत होतात, पण तोवर तुम्हाला काही जाणवेलच असं नाही.

मला आयसीडी बसवून तिसरं वर्ष होतं. छातीवर टॅबलेट ठेवून वाचताना डोळा लागला आणि बारीक पीं-पीं आवाजाने जाग आली. मोबाइल बघितला, घड्याळ बघितलं. उठून बसलो की आवाज बंद, आडवा होऊन वाचायला लागलो की पुन्हा सुरू. तो माझ्याच छातीतून येतोय हे कळायला पाच मिनिटं गेली. टॅबलेटच्या कव्हरमधलं चुंबक बरोबर आयसीडीवर येत होतं. सगळी यंत्रं अशी वाजत नाहीत, त्यामुळे आवाजाची वाट बघू नका. वरच्या खिशात मोबाइल किंवा इअरफोनची डबी ठेवायची नाही म्हणजे नाही. सवय मोडत नसेल तर खिसा शिवून टाका, मी तेच केलं.

टाचणीला न कळणाऱ्याही काही गोष्टी आहेत. मोबाइलच्या वायरलेस चार्जरपासून ३० सेंटीमीटर, चालू इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटीमीटर अंतर ठेवा. शरीरातली चरबी मोजणारा वजनकाटा वापरू नका, कारण तो अंगातून वीज सोडतो. वेल्डिंगचं काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुकानातल्या चोरीरोधक गेटमधून न थांबता चालत जा. टेकून उभं राहायचं नाही. सुरक्षा तपासणीत ओळखपत्र दाखवा आणि हातातलं मेटल डिटेक्टर छातीवर धरू देऊ नका.

एखाद्या उपकरणाजवळ चक्कर आली किंवा धडधडलं, तर आधी चार पावलं मागे व्हा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवा. उपकरण कोणतं आणि वेळ काय होती, हे लगेच लिहून ठेवा. यंत्रातली नोंद त्या वेळेशी ताडून बघता येते.