भूक मेली म्हणून जेवण टाळू नका: वजनाच्या इंजेक्शनवर असताना होणाऱ्या चुका

गेल्या पावसाळ्यात साठीच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनवर चार महिन्यांत नऊ किलो उतरले होते, पण चेहरा पडलेला. "जिना चढताना मांड्या थरथरतात हो मॅडम, आणि केस विंचरले की पुंजका येतो हातात." आदल्या दिवशी काय खाल्लंत, विचारलं. शिक्षिकाच त्या, वहीत लिहूनच आणलं होतं. सकाळी चहा, दोन मारी बिस्किटं. अकराला अर्धं सफरचंद. दुपारी वाटीभर ताकभात. चारला परत चहा. रात्रीच्या ओळीत फक्त "भूक नव्हती".

मी समासात प्रथिनांची बेरीज केली. ओढूनताणून 10-12 ग्रॅम भरली. वजन 75 किलो, म्हणजे त्यांना रोज निदान 75 ते 90 ग्रॅम हवीत.

औषधाची यात काही चूक नव्हती. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड हे औषध त्याची नक्कल करतं, टिर्झेपेटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाची. मेंदूला "पुरे" असा निरोप जातो आणि पोटातलं अन्न सावकाश पुढे सरकतं. 2025 च्या मार्चमध्ये माउंजारो (टिर्झेपेटाइड) आणि जूनमध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) आपल्याकडे आलं, तेव्हापासून माझ्याकडे दर आठवड्याला अशी एखादी वही येते. औषध भूक कमी करतं, शरीराची गरज कमी करत नाही. जेवढं कमी जाणार तेवढं ते निवडून जायला हवं, आणि आपण नेमकं उलटं करतो.

ताटाची सुरुवात वरणभाताने

मराठी ताटाचा क्रम ठरलेला. आधी भाताची मूद, वर वरण, तूप, लिंबू. मग पोळीभाजी. उसळ एका कोपऱ्यात, दही शेवटी. एरवी यात काही बिघडत नाही, कारण आपण सगळंच संपवतो. पण इंजेक्शनवर असताना सात-आठ घासांत पोट भरतं, ते सगळे घास भाताचे होतात आणि उसळीची वाटी तशीच झाकून फ्रिजमध्ये जाते. वरणात डाळ असते हे खरं, पण आपलं नेहमीचं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी त्यातून चार-पाच ग्रॅमच्या वर प्रथिनं क्वचितच मिळतात.

म्हणून क्रम उलटा करा. पहिले पाच घास उसळीचे, अंड्याचे, पनीरचे किंवा माशाचे. मग भाजी. पोळी किंवा भात जागा उरली तर. घरची मंडळी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

दुसरं म्हणजे भुकेची वाट बघू नका. ती येणारच नाही. घड्याळ लावा: आठ, साडेबारा, चार, साडेसात. प्रत्येक वेळी थोडं, पण प्रथिनं असलेलंच. दोन अंड्यांत 12 ग्रॅम मिळतात. पन्नास ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून धिरडी केली तर साधारण तेवढीच. पाऊणशे ग्रॅम पनीर म्हणजे 13-14. शंभर ग्रॅम बांगडा किंवा चिकन खाल्लं तर 20 च्या आसपास. घट्ट मटकीची उसळ वाटीभर, 7-8. दही टांगून केलेला बिनसाखरेचा चक्का चारच्या वेळेला उत्तम, चमच्या-चमच्याने जातो. पिठलं चालेल, पण पातळ पिठल्याच्या वाटीत बेसन जेमतेम 30 ग्रॅम असतं, म्हणजे प्रथिनं सहा. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, पण जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. मूठभर खाऊन वर मळमळतंय म्हणणारे पुष्कळ भेटतात.

एवढं करूनही शाकाहारी घरात 75 चा आकडा गाठणं जड जातं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अशा वेळी दुधातून एक स्कूप व्हे पावडर (दुधापासून काढलेल्या प्रथिनांची) घ्यायला हरकत नसते (डब्यावरचा आकडा वाचा, बहुतेकांत 20 ते 25 ग्रॅम असतो). पावडर म्हणजे जिमवाल्या पोरांचं खाणं, हा समज सोडा. किडनीचा त्रास असेल तर मात्र पावडरच काय, प्रथिनांचा आकडाही डॉक्टरांनीच ठरवायचा.

हे एवढं ताणून सांगायला कारण आहे. सेमाग्लुटाइडचा 2021 चा जो मोठा अभ्यास आहे, त्यात काही जणांच्या शरीराचं स्कॅन करून मोजलं होतं. गेलेल्या वजनातला साधारण 40 टक्के वाटा चरबीचा नव्हताच. तो स्नायू धरून बाकीच्या शरीराचा होता. थरथरणाऱ्या मांड्या त्यातल्याच. नुसती प्रथिनं खाऊनही भागत नाही, स्नायूंना काम द्यावं लागतं. बाईंना मी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करायला सांगितली, दिवसातून तीनदा. केसांचं म्हणाल तर झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. तरी लोह, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-12 आधीच कमी निघतं.

पुढच्या खेपेला बाईंनी समासात बेरीज स्वतःच करून आणली. बहुतेक दिवस 65 ते 70. एका रविवारी 31, पुढे लाल शाईत शेरा: "पुतण्याचं लग्न".

"नाहीतरी भूक नाही, मग उपवासच करते"

ही चूक खास आपली. सोमवार, एकादशी, संकष्टी. भूक नसल्याने उपवास सोपा जातो आणि पुण्य फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीत असतो तो पिष्ट, तूप आणि थोडं दाण्याचं कूट. त्यात संकष्टीचा घोळ वेगळाच: दिवसभर रिकामं पोट, चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे, मग वरणभात, भाजी, तूप सोडलेले चार मोदक आणि लगेच अंथरूण. पोट आधीच संथ झालेलं. पहाटे उलटी होते आणि दोष इंजेक्शनला.

उपवास मोडवत नसेल तर दिवसभर दूध, दही, पनीर, राजगिरा घेत राहा आणि रात्री एकच मोदक खा. पण मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सोबत चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नका. साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं जाणवलं की उपवास बाजूला ठेवून आधी साखर तोंडात टाका.

पाणी, आणि इसबगोलचा उलटा परिणाम

जेवणातूनही बरंच पाणी पोटात जात असतं. जेवण अर्ध्यावर आलं की तेही अर्ध्यावर येतं, आणि या औषधांवर पुष्कळांना तहानही लागेनाशी होते. मग डोकं दुखतं, उभं राहताना अंधारी येते, शौचाला खडा होतो. लोक दुकानातून इसबगोल आणतात आणि दोन घोट पाण्याबरोबर घेतात. ते पाणी शोषून फुगतं. पाणीच नसेल तर आत घट्ट गोळा होऊन बसतं. मोठा ग्लासभर पाणी, नाहीतर इसबगोल नको.

पाणी जेवताना ढोसू नका, त्यानेच पोट भरतं. दोन जेवणांच्या मध्ये घोट-घोट घ्या. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक चांगलं. कच्च्या काकडी-गाजराचे ढीग या काळात अनेकांना फुगवतात. शिजवलेला दुधी, लाल भोपळा, पपई, भिजवलेल्या मनुका निमूट काम करतात.

वाढीव डोस आणि बटाटेवडा

सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमने सुरू होतं आणि साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवतात. डोस वाढला की पहिले काही दिवस मळमळ जास्त. नेमक्या त्याच आठवड्यात लग्नाची पंगत किंवा फराळाची ताटं नकोत. तळलेलं पोटात आणखी रेंगाळतं. सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा आदल्या रात्रीचा हिशोब घेतला की उशिरा झालेलं तेलकट जेवण बहुधा सापडतंच. त्या दिवसांत मऊ मुगाची खिचडी, दहीभात, केळं, आल्याचा तुकडा. आग्रह करणाऱ्यांना कारणं देत बसू नका, "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं आपल्याकडे अजून चालतं.

गोळीच्या रूपात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांची चूक निराळी: गोळी चहाबरोबर. रिबेल्ससची गोळी सकाळी उठल्यावर अनशापोटी, 120 मिलिलिटरपर्यंतच साध्या पाण्याबरोबर, म्हणजे अर्धा ग्लास. मग निदान अर्धा तास काही नाही. चहा नाही, दुसऱ्या गोळ्याही नाहीत. चहाबरोबर घेतली तर ती अंगी फारशी लागतच नाही. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, तेव्हा दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हे घरी निस्तरायचं नाही

पोटात पाणीही टिकत नसेल, उलट्या दिवसभर थांबत नसतील, पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन पाठीत जात असेल किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर ओव्याचा अर्क घेत वाट बघू नका. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयात खडे असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि पुढचं इंजेक्शन विचारल्याशिवाय टोचू नका.

ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या औषधाबद्दल आधीच सांगा. रात्रीपासून उपाशी राहिलात तरी तुमचं पोट रिकामं झालेलं असेलच असं नाही.