ओटीपोटाच्या हाडांना मार लागल्याचा संशय आला तर काय करावं

नारळाच्या झाडावरून किंवा परांचीवरून पडलेला माणूस, उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेला शेतकरी, ट्रकच्या धडकेने दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण. अशा वेळी जमलेल्या लोकांची पहिली धडपड असते ती त्याला उठवून बसवण्याची. "ऊठ बाबा, पाणी पी, चालता येतंय का बघ." हेतू चांगलाच असतो, पण पेल्व्हिसचं हाड मोडलं असेल तर नेमकं हेच जिवावर बेतू शकतं.

पेल्व्हिस म्हणजे कंबरेखालचं हाडांचं कडं. दोन्ही बाजूंना मोठी पसरट हाडं, मागे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि पुढे जांघांच्या मधोमध सांधा. पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या याच कड्यातून जातात, मागच्या बाजूला शिरांचं दाट जाळं असतं, पुढे मूत्राशय असतं. कडं तुटून फाकलं की शिरा फाटतात, मोडलेल्या हाडांच्या टोकांतूनही रक्त झिरपतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं २-३ लिटर आतल्या आत साठू शकतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. जखमेच्या जागी शरीर स्वतःच रक्ताची गुठळी धरतं. ती फार नाजूक असते, माणूस हलवला की सुटते. पुढचं सगळं तिला जपण्यासाठी आहे.

संशय कधी घ्यायचा

मार मोठा असेल आणि जांघेत, ओटीपोटात किंवा कंबरेच्या खाली मागे दुखत असेल, तर संशय घ्या. पायावर भार टाकता येत नाही, पायाचं हाड मोडलेलं दिसत नसताना एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला आहे, जांघेत वा अंडकोशावर काळंनिळं पडलंय, लघवीच्या जागेतून रक्त येतंय, या खुणाही लक्षात ठेवा. माणूस बेशुद्ध असेल किंवा प्यायलेला असेल तर तो दुखतंय म्हणून सांगणार नाही. तिथे मार कसा बसला यावरूनच ठरवायचं.

एक गोष्ट अजिबात करू नका: दोन्ही बाजूंनी कंबर दाबून किंवा हलवून "हाड वाजतंय का" हे पाहू नका. त्यातून खात्रीचं काही कळत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो.

पहिली काही मिनिटं

आधी जागा सुरक्षित करा. रस्त्यावर असाल तर मागून येणारी वाहनं थांबवायला कुणाला तरी उभं करा. १०८ किंवा ११२ ला फोन लावा आणि मार कसा बसला ते नीट सांगा, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फाटा सांगा, "कंबरेच्या हाडाला मार असावा" हेही आवर्जून सांगा. रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात थेट नेता आलं तर वेळ वाचतो.

श्वास चालू आहे ना ते बघा. बाहेर कुठे रक्त वाहत असेल तर तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या. मग त्याला आहे तसाच झोपलेला ठेवा. पाणी, चहा काही देऊ नका. अंगावर घोंगडी, शाल, जे असेल ते घाला आणि जमलं तर खालूनही काही सरकवा. अंग गार पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून ऊब हासुद्धा उपचारच आहे.

बांधायचं कसं

रुग्णवाहिका थोड्याच वेळात पोचणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की हलवू नका, पाय जुळवून आधार द्या आणि वाट बघा. त्यांच्याकडे यासाठी खास पट्टा असू शकतो. पण गडावर, रानात किंवा आडवाटेच्या वाडीवर असाल आणि मदत तासाभराच्या अंतरावर असेल, तर चादरीने बांधणं योग्य. साडीही उत्तम चालते.

बांधायची जागा हीच सगळ्यात जास्त चुकते. लोक कंबरपट्ट्याच्या जागी बांधतात. ते फार वर होतं, त्याने कडं आवळलं जात नाही, उलट फाकू शकतं. स्वतः ताठ उभे राहा, हात मोकळा सोडा. मनगट जिथे येतं, तिथे मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून एक टणक उंचवटा लागतो. पाऊल आत-बाहेर वळवलं की तो हाताखाली फिरतो. पट्टी या उंचवट्यांवरून जायला हवी, म्हणजे जवळपास पँटच्या खिशाच्या उंचीवर. हे आज घरी करून बघा, ऐनवेळी हात बरोबर तिथेच जाईल. जखमी माणसावर मात्र नुसतं बोटांनी चाचपा, त्याचा पाय फिरवू नका.

खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट काढा, पट्टा सोडा. चादरीची वीतभर किंवा थोडी जास्त रुंद घडी घाला. ती गुडघ्यांखालच्या पोकळीतून सरकवा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ओढत वर आणा. माणसाला कुशीवर वळवू नका. एकाने दोन्ही गुडघे जवळ आणून पायाची बोटं हलकेच आत वळवून धरावीत. पाय मोडलेला असेल तर मात्र वळवू नये. मग टोकं पुढे एकमेकांवरून नेऊन दोघांनी एकाच वेळी, सारख्या जोराने ओढा आणि गाठ मारा. गाठीत काठी घालून पीळ दिला तर घट्ट राहतं, पीळ सुटू नये म्हणून काठीही बांधून टाका. कंबर मूळ आकारात आली की थांबा. जास्त आवळलं तर आत दबलेली हाडं आणखी आत जाऊ शकतात. शेवटी गुडघ्यांमध्ये कापडाची घडी ठेवून गुडघे आणि घोटे ओढणीने बांधा.

गरोदर बाईलाही असंच बांधायचं, पट्टी पोटाच्या खाली येते. घरात पाय घसरून पडलेल्या आजीआजोबांचं प्रकरण वेगळं. तिथे बहुतेकदा खुब्याचं हाड मोडलेलं असतं, त्याला हा पट्टा लागत नाही. त्यांना न उठवता मदत बोलवा.

न्यायचं कसं

हातापायांना धरून उचलणं, झोळीत घालणं, रिक्षात बसवणं, या तिन्हींत कंबर वाकते. फळी, दार, खाट किंवा शिडी आणा. चार-पाच जणांनी एका इशाऱ्यावर, सपाट, थोडंसंच उचलून त्यावर ठेवा. वाहन आडवं झोपवता येईल असं हवं, म्हणून पिकअप टेम्पो रिक्षापेक्षा बरा. डोंगरात असाल तर शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकाला लवकर कळवा.

वाटेत नाडी आणि बोलणं बघत राहा. चेहरा पांढरा पडणं, गार घाम, जलद नाडी, असंबद्ध बोलणं म्हणजे आत रक्त जातंय.

चादर कधी बांधली ती वेळ लिहून डॉक्टरांना सांगा. "जरा सैल करून बघू" असं कुणी वाटेत म्हटलं तर करू देऊ नका, ती दवाखान्यातच सुटेल. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ आणि त्याखालच्या नियमांनुसार रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.