यादवकाळातली रहस्यकादंबरी लिहायची असेल आणि शोध बाईने लावायचा असेल तर

मध्ययुगातली रहस्यकादंबरी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर लगेच युरोपातले मठ येतात नाहीतर मुघल दरबार, आणि देवगिरीच्या यादव राजांचा काळ तसाच पडून राहतो. मला मनापासून वाटतं की शोध घेणाऱ्या बाईसाठी मराठीत याच्याइतका चांगला काळ नाही, कारण तेव्हाच्या बायका बोलताना, भांडताना, प्रश्न विचारताना लीळाचरित्रात, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, अक्षरशः ऐकू येतात.

आधी साल पक्कं करा, नुसतं "तेरावं शतक" म्हणून भागणार नाही. मी म्हणेन १२७१ घ्या. महादेवराय यादव गेला, मुलगा आमण गादीवर बसला आणि थोड्याच काळात चुलतभाऊ रामचंद्राने ती हिसकावली, महानुभाव ग्रंथांत तर तो नाटकवाल्यांबरोबर वेष बदलून किल्ल्यावर शिरला असं सांगितलंय. पण म्हणून तुमच्या बाईला देवगिरीवर नेऊन राजघराण्याचं गुपित सोडवायला लावू नका प्लीज. गोदावरीकाठचं एखादं गाव घ्या, जिथे एवढंच कळलंय की वर राजा बदलला, आणि गावचा मुख्य घाबरलाय कारण त्याच्या वरचा माणूस उद्या राहील की नाही हेच माहीत नाही. घाबरलेला माणूस प्रकरण पटकन मिटवायला बघतो, आणि तिथूनच प्लॉट सुरू होतो.

आता बाई. आजच्या इन्स्पेक्टर मॅडमला लुगडं नेसवून तिथे उभं केलं तर वाचक दोन पानांत पुस्तक ठेवून देईल. तिला गावात फिरायला, दारादारात उभं राहायला आणि प्रश्न विचारायला त्या काळातलंच कारण हवं. सुईण चालेल, माळीण चालेल, पण माझं मत विचाराल तर भिक्षा मागणारी विधवा घ्या. चक्रधरांची शिष्या महदाइसा डोळ्यासमोर ठेवा, धवळे म्हणजे लग्नातली गाणी रचणारी, लहानपणीच विधवा झालेली, आणि इतकी प्रश्न विचारणारी की खुद्द चक्रधरांनी तिला जिज्ञासक आणि चर्चक म्हटलंय. तिलाच नायिका करू नका, तिच्यासारखी एक काल्पनिक बाई करा. भिक्षेला जाणारी बाई रोज सगळ्या घरांच्या उंबऱ्यावर जाते, कुणाकडे चूल पेटली नाही, कुणाकडे अचानक पाहुण्यांचं शिजतंय, कोणती सून आज दारात आलीच नाही, हे तिला न विचारता कळतं.

सगळ्यात जास्त वेळ कायद्याला द्या. याज्ञवल्क्य स्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा व्यवहाराध्याय, म्हणजे न्यायनिवाड्याचा भाग, आणि त्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका वाचा, ती चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याणीला लिहिली गेली, म्हणजे तुमच्या कथेच्या दीडेकशे वर्षं आधी. तिथे मारेकरी माहीत नसेल तर काय करायचं हे सरळ सांगितलंय: मेलेल्याचं कुणाशी भांडण होतं ते मुलांना आणि नातेवाइकांना विचारा, तो बाई, पैसा की पोटापाण्याच्या मागे होता, कुणाबरोबर गेला होता हे काढा, आणि जिथे मेला त्याच्या आसपासच्या लोकांना हळूहळू विचारा. तुमच्या बाईची पद्धत इथेच तयार मिळते.

याच अध्यायात अजून एक भारी नियम आहे. गावात घात किंवा चोरी झाली आणि गुन्हेगाराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही तर दोष गावाच्या मुख्यावर येतो. म्हणजे मुख्य स्वतः निर्दोष असला तरी शिवेपर्यंत खोटी पावलं उमटवायचं त्याला पुरेपूर कारण आहे! समजा संध्याकाळी पाऊस पडला, प्रेताखालची जमीन कोरडी आहे आणि शिवेकडे जाणारी पावलं मात्र चिखलात खोल उमटलीत, म्हणजे माणूस पावसाआधी मेला आणि पावलं नंतरची. हे बाईला दिसतं, ती मुख्यावर संशय घेते, वाचकही घेतो, आणि दोघंही अर्धी कादंबरी चुकीच्या माणसामागे जातात.

मग दिव्य आणा, म्हणजे आरोपी खरा की खोटा हे दैवावर सोपवून ठरवायची कसोटी. याज्ञवल्क्याने पाच सांगितलीत, तुला म्हणजे तराजू, अग्नी, पाणी, विष आणि कोश. अग्निदिव्य सीन म्हणून जबरदस्त दिसतं म्हणून सगळे तेच घेतात, पण रहस्यकथेला कोश जास्त उपयोगी. देवाच्या स्नानाचं पाणी आरोपीने प्यायचं आणि चौदा दिवसांत राजाकडून किंवा दैवाकडून घोर संकट आलं नाही तर तो शुद्ध. बाईला शोध लावायला चौदा दिवस मिळतात, आणि ज्याला आरोपी दोषी ठरायला हवाय त्याला दैवी वाटेल असं संकट घडवून आणायला तेवढेच दिवस. नवव्या रात्री आरोपीचं घर पेटलं की सगळं गाव म्हणणार न्याय झाला, आणि आग कुठून लागली ते बघणारी एकटी तीच.

बाकीचं पटकन सांगते. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे, पेरू, तंबाखू यातलं काहीच नाही, तिखटाला मिरी. वेळ घटका आणि प्रहरात मोजा. खून, तपास, गुन्हा, फिर्याद, जबाब हे शब्द फारसी-अरबीतून आलेले, निवेदनात चालतील पण पात्रांच्या तोंडी घात, अपराध, शोध, साक्ष असंच ठेवा. पूर्ण संवाद यादवकालीन मराठीत लिहायचा हट्ट नको, बिढार (मुक्काम), आरोगणा (जेवण), पहुड (झोप) असे मोजके शब्द पुरतात. नावं लीळाचरित्रातून उचला, उमाइसा, आबाइसा, देमाइसा, उगाच अनघा आणि रेवा नकोत. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र जवळ ठेवा, आणि जोडीला स्थानपोथी, कुठल्या गावात कुठलं देऊळ कुठे होतं हे त्यात मिळतं, त्यावरून गावाचा नकाशा स्वतः काढा आणि मगच पात्रांना चालायला लावा.

शेवट अवघड आहे. तिला उत्तर सापडलं तरी निवाडा द्यायचा अधिकार तिच्याकडे नाही, त्यामुळे सगळ्यांना एकत्र बसवून भाषण ठोकणं इथे शोभत नाही. तिने आधी एका साक्षीदाराला तयार करावं, मग चौदाव्या दिवशी सभेत त्याच्याकडून एकच गोष्ट वदवून घ्यावी, आणि पुढचं मुख्याला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागावं, खोट्या पावलांसकट.